बोध सॅकमध्येच असतो

डोंगर चढून आलेला माणूस गप्प बसत नाही. साधा माणूस असेल तर तो पायाचे फोड दाखवतो, मोबाइलमधले दोनशे फोटो दाखवतो आणि पायथ्याच्या पिठलं-भाकरीची चव एवढी रंगवतो की ऐकणाऱ्याला डोंगराचा विसर पडावा. धर्मोपदेशक असेल तर तो त्या डोंगराचे पाच मुद्दे करून आणतो. ख्रिस्ती मंडळ्यांच्या युवक शिबिरांत, त्यांच्या नियतकालिकांत आणि रविवारच्या संदेशात हा प्रकार आता चांगलाच रुळला आहे. चढण म्हणजे आयुष्यातली संकटे, सॅक म्हणजे पापाचे ओझे, वाटाड्या म्हणजे पवित्र आत्मा, धुके म्हणजे संशय, शिखर म्हणजे स्वर्गीय प्रतिफळ, आणि मधल्या टपरीवरचा चहा म्हणजे (इथे उपदेशक जरासा अडखळतो) ख्रिस्ती सहभागिता. उतरणीबद्दल सहसा कोणी बोलत नाही. वास्तविक गुडघे दुखतात ते उतरताना. पण शिखरावर स्वर्ग मांडून झाल्यावर माणसाला पुन्हा खाली का आणायचे, या अडचणीतून वाट निघत नाही, म्हणून उतरण वगळून संदेश संपवतात आणि गीत गातात.

माझे म्हणणे एवढेच आहे की हे धडे डोंगराने दिलेले नसतात. ते घरून निघतानाच टॉर्च, टॉवेल आणि ओडोमॉसच्या ट्यूबसोबत सॅकमध्ये भरलेले असतात. माथ्यावर पोचल्यावर ते बाहेर काढायचे, वाऱ्यावर जरा झटकायचे आणि ‘बघा, इथे काय सापडले!’ म्हणायचे, एवढेच काम उरते. याचा पुरावा असा की साहस बदलले तरी धडे बदलत नाहीत. तेच पाच मुद्दे कळसूबाईवर सापडतात, कोलाडच्या राफ्टिंगमध्ये सापडतात आणि सायकलवरून गोव्याला गेले तरी सापडतात. डोंगर खरोखरच शिकवत असता तर एखाद्याने तरी खाली येऊन सांगितले असते, की मला डोंगराने शिकवले ते हे की माझा स्वभाव चिडका आहे, माझे बूट चुकीचे आहेत आणि आमच्या पाळकसाहेबांना नकाशा वाचता येत नाही. असा संदेश अजून कोणत्याही मंडळीत झालेला ऐकिवात नाही.

साखऱ्यासारख्या गावातून पाहिले की हा सगळा प्रकार अधिक गमतीचा दिसतो. साखरा हे हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातले गाव. मराठवाड्याच्या या टोकाला उघड्यावर रात्र काढण्यासाठी कोणी पैसे भरत नाही, कारण ती सोय पिकाने फुकट केलेली आहे. रानडुकरे आणि रोही उभ्या पिकात घुसतात म्हणून माणसे जागलीला जातात. मचाणावर घोंगडी पांघरून बसतात, बॅटरीचा झोत फिरवतात, डबा बडवतात, आरोळ्या ठोकतात. शेतीची लाइट रात्रीची असेल तर थंडीत अपरात्री उठून विहिरीवर मोटर चालू करायला जायचे, पायात गमबूट, कारण अंधारात सापाला वाट विचारून पाऊल टाकता येत नाही. तारांकित आकाश, रातकिड्यांचा आवाज, वन्य प्राण्यांचे दर्शन, शरीराची कसोटी, मृत्यूची शक्यता: शहरातल्या कोणत्याही ॲडव्हेंचर कॅम्पच्या पत्रकात जे जे छापलेले असते ते सगळे इथे आहे, वर सोयाबीनही आहे. सकाळी घरी आल्यावर जागल करणारा जे सांगतो ते असे असते: सात-आठ डुकरे होती, ओढ्याच्या अंगाने आली, खालच्या बांधाचे कुंपण मोडले. बस्स. या वाक्यांत जीवनाचा धडा नाही. पण पुढच्या रात्री कुंपणाच्या कोणत्या कोपऱ्याशी बसायचे हे त्यातून नेमके कळते.

आता कोणी म्हणेल की शिबिरातल्या धड्यांची ही फॅशन अमेरिकेतून आलेली आहे, चार दिवसांत जाईल. तसे नाही. डोंगरावरून ख्रिस्ती बोध आणण्याच्या परंपरेचा मूळपुरुष म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवतात तो इटालियन कवी पेत्रार्क. २६ एप्रिल १३३६ रोजी फ्रान्समधला माँ व्हांतू हा १९०० मीटरच्या वरचा डोंगर आपण केवळ उंची पाहण्याच्या हौसेने चढलो, असे त्याने आपल्या एका धर्मगुरू मित्राला पत्रातून कळवले. पत्र वाचनीय आहे. बरोबर कोणाला न्यावे यावर त्याने आधी पुष्कळ विचार केला आणि एकेक मित्र बाद केला: हा फार संथ, तो फार उतावळा, हा फार उदास, तो फार आनंदी. शेवटी सख्ख्या भावाला घेऊन निघाला. ट्रेकची टोळी जमवताना हे आजही असेच होते आणि शेवटी भाऊच येतो. वाटेत भाऊ सरळ खड्या धारेने वर चढत राहिला आणि पेत्रार्क मात्र सोपी वाट शोधत शोधत पुन्हा पुन्हा खाली उतरत राहिला. दमून बसला आणि तिथेच त्याला सुचले की आत्म्याचेही असेच होते. माथ्यावर पोचल्यावर त्याने खिशातून संत ऑगस्टीनच्या ‘कबुलीजबाबा’ची छोटी प्रत काढली, सहज उघडली, आणि नेमके तेच पान निघाले ज्यावर ऑगस्टीन म्हणतो की माणसे डोंगरांची नवलाई बघत हिंडतात आणि स्वतःकडे बघायचे विसरतात. पेत्रार्क खजील झाला आणि खाली उतरेपर्यंत गप्प राहिला.

बोध घरून नेलेला असतो, हे माझे विधान इथे अक्षरशः खरे ठरते. तो खिशात होता. पण प्रकरण एवढ्यावर थांबत नाही. हे पत्र त्याच संध्याकाळी, खानावळीत नोकर जेवणाच्या तयारीत असताना, घाईघाईने लिहिले असा पत्रातच दावा आहे. अभ्यासकांचे मत मात्र असे की आज आपल्यासमोर असलेले पत्र १३५३च्या सुमारास, म्हणजे तब्बल सतरा वर्षांनी रचलेले आहे. तोपर्यंत ज्या मित्राला ते लिहिले तो वारून दहा वर्षे उलटली होती, आणि सरळ वाटेने चढणारा भाऊ १३४३मध्येच मठात जाऊन संन्यासी झाला होता. भाऊ सरळ धारेने गेला आणि आपण भरकटलो, हे रूपक एवढे चपखल का बसले ते आता कळते: निकाल हाती आल्यावर प्रश्नपत्रिका काढली होती. याच पत्रात एक म्हातारा मेंढपाळ येतो. तो सांगतो की पन्नास वर्षांपूर्वी मीही वर गेलो होतो, पश्चात्ताप, दमणूक आणि काट्यांनी फाटलेले कपडे यांखेरीज काही हाती लागले नाही, जाऊ नका. पोरे ऐकत नाहीत असे दिसल्यावर तो त्यांना थोडे पुढे नेऊन वाट दाखवतो. संपूर्ण पत्रात डोंगराबद्दल खात्रीची माहिती देणारा हा एकच माणूस आहे, आणि साखऱ्यात उतरवला तर तो पहिल्या दिवसापासून पारावर बसेल.

रूपकासाठी डोंगरावर जाण्याचीही गरज नाही, हे सिद्ध करणारा साक्षीदार त्याहून मोठा आहे. ख्रिस्ती जगातला सर्वांत प्रसिद्ध पायी प्रवास जॉन बन्यनच्या पुस्तकात आहे. पाठीवर ओझे घेतलेला यात्रेकरू चिखलातून, दऱ्यांतून, डोंगरांतून स्वर्गीय नगरीकडे चालत जातो. १६७८मध्ये ते छापले गेले आणि हरी केशवजींनी १८४१मध्ये ‘यात्रिकक्रमण’ या नावाने ते मराठीत आणले. त्या बन्यनने बेडफर्डच्या तुरुंगात बारा वर्षे काढली होती, आणि पुस्तकाची सुरुवात गजाआडच झाली असे मानतात. म्हणजे जगभरच्या ख्रिस्ती ट्रेकिंगचा आराखडा एका अशा माणसाने दिला ज्याला मनाला येईल तिथे फिरायची मोकळीक नव्हती. आपल्याकडे बाबा पदमनजींनी १८५७मध्ये ‘यमुनापर्यटन’ लिहिले. नावात पर्यटन आहे, यमुना नवऱ्याबरोबर गावोगाव हिंडतेही. पण जिथे जाईल तिथे तिला एक दुःखी विधवाच भेटते. एखाद्या गावात फक्त चांगली आमराई आहे आणि बाकी सगळे ठीक आहे, असा प्रसंग यायचा नाही. पदमनजींचा हेतू उमदा होता, विधवांची दैना त्यांना लोकांच्या डोळ्यांपुढे आणायची होती, आणि त्यांनी ते लपवलेही नाही. बन्यन आणि पदमनजी दोघांनीही ‘आम्ही सहज फिरायला गेलो होतो’ असा आव आणला नाही. माझी तक्रार त्या आवाबद्दल आहे.

रूपकांचा आणखी एक घोळ आहे आणि तो धोकादायक आहे. शिबिरात कड्यावरून दोराने उतरवतात तेव्हा संदेश ठरलेला असतो: दोर म्हणजे विश्वास, हार्नेस म्हणजे मंडळी, कॅरॅबिनर म्हणजे प्रार्थना, आणि वर दोर धरून उभा असलेला घामाघूम इन्स्ट्रक्टर म्हणजे प्रभू. आता या धंद्यातल्या जाणत्याला विचारा. तो सांगेल की दोरावर कधीही विश्वास ठेवायचा नसतो. प्रत्येक वेळी तो बोटांतून सरकवून तपासायचा, गाठ स्वतः बघायची, दुसऱ्याकडून बघून घ्यायची, दोराचे वय लिहून ठेवायचे आणि एकदा जबर झटका बसला की तो दिसायला कितीही धडधाकट असो, बाद करायचा. गिर्यारोहणाचा पाया पद्धतशीर संशयावर उभा आहे. बारा शिष्यांपैकी कड्यावर न्यायचाच झाला तर तो थोमा न्यावा, ज्याने जखमांत बोट घालून बघितल्याशिवाय मान्य करणार नाही असे बजावले होते. पण शिबिराच्या संदेशात थोमाला कोणी हार्नेस चढवत नाही. दोराचे रूपक नीट पाळले तर श्रद्धा दर हंगामात बदलायची वस्तू ठरते, आणि न पाळले तर हाड मोडते.

यावर धर्मनिष्ठ वाचक म्हणेल, बायबलच डोंगरांनी भरलेले आहे, त्याचे काय? सीनाय आहे, कर्मेल आहे, जैतुनांचा डोंगर आहे. आहेतच, पण तिथे काय घडते ते जरा बघा. मत्तयाच्या शुभवर्तमानात उंच डोंगरावर नेऊन ‘बघा केवढे दृश्य दिसते’ असे दाखवणारा जो पहिला गाइड येतो, तो सैतान आहे. पुढे रूपांतराच्या डोंगरावर येशूचे मुख सूर्यासारखे तेजस्वी होते, मोशे आणि एलिया दिसतात, आणि पेत्राला पहिली गोष्ट सुचते ती कॅम्पिंगची: इथे तीन मंडप उभारू या! त्याला कोणी होकार देत नाही. ढग येतो, वाणी होते, शिष्य घाबरून पालथे पडतात, मग सगळे निमूट खाली उतरतात आणि पायथ्याशी एक बाप आपल्या फेफरे येणाऱ्या मुलाला घेऊन उभा असतो. काम तिथे होते. आणि सगळ्यांत मोठा साहसवीर योना! वादळ, समुद्र, तीन दिवस माशाच्या पोटात. एवढे भांडवल घेऊन आजचा माणूस आयुष्यभर व्याख्याने देईल. योना बाहेर आला, सांगितलेले काम केले, ते यशस्वी झाले म्हणून चिडला, गावाबाहेर सावलीत फुगून बसला आणि सावली देणारा वेल वाळला म्हणून पुन्हा चिडला. माशाने त्याला काय शिकवले? आज्ञा पाळायला शिकवले असेल, पण स्वभाव होता तसाच राहिला. ज्याने कोणी ते पुस्तक रचले त्याला माणसे बरोबर ठाऊक होती, म्हणून पुस्तक देवाच्या एका प्रश्नावर संपते आणि योनाचे उत्तर दिलेलेच नाही.

पौलाचे जहाज फुटल्याची हकीकत तर मला फार आवडते. प्रेषितांच्या कृत्यांत ती सत्ताविसाव्या अध्यायात आहे. जहाजावर २७६ माणसे, चौदा दिवस वादळ, पोटात अन्न नाही. मध्यरात्री खलाशांना जमीन जवळ आल्यासारखे वाटते म्हणून ते बुडीद टाकतात: वीस वाव पाणी. थोडे पुढे जाऊन पुन्हा टाकतात: पंधरा वाव. खडकावर आपटू या भीतीने मागच्या बाजूने चार नांगर सोडतात आणि उजाडायची वाट बघतात. पौल सगळ्यांना जेवायला सांगतो, कारण पुढे पोहायचे आहे. मग उरलेला गहू समुद्रात टाकून जहाज हलके करतात. जहाज फुटते, माणसे फळ्यांवरून माल्टाच्या किनाऱ्याला लागतात. पाऊस असतो, थंडी असते. पौल शेकोटीसाठी काटक्या गोळा करतो आणि मोळीतून साप निघून त्याच्या हाताला डसतो. तो साप विस्तवात झटकून टाकतो. लिहिणाऱ्या लूकला इथे केवढी संधी होती! वीस वाव म्हणजे काय, पंधरा वाव म्हणजे काय, चार नांगर म्हणजे विश्वास, आशा, प्रीती आणि चौथे काहीतरी. त्याने फक्त वाव मोजले. देवदूताने धीर दिला हेही तो सांगतो, पण नांगराला नांगर म्हणूनच ठेवतो.

इथे सर्वांत वजनदार हरकत येते, आणि ती टाळून चालणार नाही. खुद्द येशूने निसर्गातून धडे दिले. आकाशातली पाखरे पाहा म्हणाला, रानातली फुले पाहा म्हणाला, मोहरीच्या दाण्यावरून देवाचे राज्य सांगितले. मग शिबिरातल्या पाळकाने पाहा म्हटले तर बिघडले कुठे? बिघडले असे की येशूने कोणालाही सुट्टी काढून, वर्गणी भरून कुठे नेले नाही. ऐकणाऱ्याच्या दारात, शेतात, जाळ्यात, पिठाच्या परातीत जे होते तेच उचलले. म्हणून ऐकणाऱ्याला हुज्जत घालता येत होती. पेरणाऱ्याचा दाखलाच घ्या. पेरणारा पेरायला निघाला. काही बी वाटेवर पडले, काही खडकाळ जागी, काही काटेरी झुडपांत, आणि काही चांगल्या जमिनीत. हा दाखला साखऱ्यातल्या शेतकऱ्याला सांगा. पहिला प्रश्न येईल: बी वाटेवर पडलेच कसे? इथे तिफण आहे, ट्रॅक्टरचे पेरणीयंत्र आहे, सोयाबीनच्या बॅगेचा भाव आहे. वाटेवर बी सांडणारा माणूस एक तर पिऊन आलेला असेल किंवा बी सरकारी योजनेतले असेल. खडकाळ जागी उगवून उन्हाने करपलेल्या रोपाचे वर्णन ऐकून मात्र तो मान हलवेल, कारण मुरमाड रानात पावसाने ओढ दिली की नेमके तसेच होते आणि दुबार पेरणीची पाळी येते. तीसपट, साठपट, शंभरपट या आकड्यांवर तो वाण विचारील. आणि या सगळ्या हुज्जतीनंतर, रात्री जागलीवर बसल्यावर, बी हे बी नव्हते हे त्याच्या डोक्यात शिरू लागेल. दाखला असा काम करतो. ऐकणाऱ्याला त्या विषयात सांगणाऱ्यापेक्षा जास्त कळते, आणि त्याच्या आडून सांगणारा आत शिरतो. कड्यावर प्रथमच लटकलेल्या पोराला कड्यातले काही कळत नाही. त्याला जे सांगाल ते तो ‘आमेन’ म्हणून मान्य करतो, कारण त्याला खाली उतरायचे असते.

मराठी ख्रिस्ती परंपरेत खऱ्या साहसांची कमतरता नाही, आणि त्या साहसवीरांनी मागे काय ठेवले हे बघण्यासारखे आहे. ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्याला लागले. साडेसहा महिन्यांच्या त्या सफरीबद्दल त्यांनी पंधरवड्यानंतर आपल्या वडिलांना पत्र लिहिले. वडील लंडनचे व्यापारी. पत्रात देवाचे आभार आहेत, असणारच. पण जागा अडवली आहे ती वाऱ्यांनी, पाखरांनी आणि उडणाऱ्या माशांनी. आकाशात पूर्व-पश्चिम मोजायला स्थिर खूण नसल्यामुळे त्या दिशेने जहाज हाकणे किती अवघड असते, ते आहे. गिनीच्या किनाऱ्याजवळ वारा पडतो तेव्हाचा कंटाळा आहे. हिरड्या सुजून वाढतात, त्या कापून काढाव्या लागतात आणि पाय सुजतात, असा खलाशांचा आजार आहे. कोंबड्याच्या तुऱ्यासारखा दिसणारा, पाण्यावर तरंगणारा आणि शिवले तर जिवावर बेतेल असा विषारी जीव आहे. त्या जीवाचा सैतान करणे किती सोपे होते! दिसायला सुंदर, स्पर्शाला घातक. संदेश अर्धा तयार. स्टीफन्सनी तो तुरा पाहिला आणि तुरा लिहिला. ज्या माणसाची नजर अशी होती त्यानेच पुढे सुमारे ११ हजार ओव्यांचे पुराण मराठीत रचले, १६१६मध्ये ते रायतूरला छापले गेले, आणि आजही गोव्यापासून वसईपर्यंत त्याचे नाव निघते.

पंडिता रमाबाईंइतके पायी चालणे तर आजच्या कोणत्याही ट्रेकिंग क्लबच्या अध्यक्षाला झेपणार नाही. आईवडील दुष्काळात गेले आणि त्या व भाऊ श्रीनिवास देशभर चालत राहिले. १८७८मध्ये कलकत्त्याला पोचले. पंजाबात झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत पांघरूण नव्हते, तेव्हा दोघांनी थडग्यासारखे दोन खड्डे खणले, त्यांत उतरले, डोके तेवढे बाहेर ठेवले आणि अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली. हे त्यांनी पुढे आपल्या साक्षीत लिहिले आहे. आता हरकत अशी: रमाबाई पुढे १८८३मध्ये ख्रिस्ती झाल्या, म्हणजे त्या खड्ड्याने धडा दिलाच ना? थडगे, वाळू, बाहेर निघणे. पुनरुत्थानाचे रूपक हात जोडून उभे आहे. पण रमाबाईंनी ते घेतले नाही. व्रते, तीर्थे, दाने सगळी करून काही मिळाले नाही आणि जुन्या वाटेवरचा विश्वास उडत गेला, एवढे त्या सांगतात. नव्या वाटेला लागायला मध्ये कलकत्ता लागले, लग्न लागले, वैधव्य लागले, पुणे लागले, इंग्लंड लागले, आणि बाप्तिस्म्यानंतरही मनाचे समाधान व्हायला आणखी वर्षे लागली. खड्डा ते बोध हे अंतर त्यांनी प्रामाणिकपणे मोजले. शिबिरात तेच अंतर दुपारच्या जेवणाआधी कापायचे असते. खड्ड्याचा खड्डाच राहू दिल्यामुळे आज तो वाचताना अंगावर काटा येतो. त्याला पुनरुत्थान म्हटले असते तर आपण ‘हो, बरोबर’ म्हणून पान उलटले असते.

ना. वा. टिळकांचे उदाहरण तर शिबिरवाल्यांना अडचणीत टाकणारे आहे. फुलांवर, रानावर एवढ्या कविता लिहिणारा हा माणूस एखाद्या रानफुलाकडे बघता बघता ख्रिस्ती झाला असता तर किती शोभले असते. झाले ते असे की १८९३मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी गोऱ्या सहप्रवाशाशी गप्पा झाल्या, त्याने नवा करार हातात ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगितले. १८९५च्या फेब्रुवारीत टिळकांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला. डबा बंद, डोंगर बाहेर, तिकीट बहुधा खिशात. आणि त्यानंतर खरे साहस घडले ते लक्ष्मीबाईंच्या वाट्याला: नवरा धर्म बदलून बसलेला, मूल पदरात, नातेवाइकांच्या घरी काढलेली वर्षे, मग नगर, राहुरी, प्लेगचे दिवस. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना हसू फुटत राहते, कारण बाई स्वतःची आणि टिळकांची फजिती जशीच्या तशी मांडतात आणि तिच्यावर बोधाचे झाकण घालत नाहीत. मराठीतले एवढे मोठे ख्रिस्ती आत्मचरित्र, आणि त्यातून ‘जीवनाचे पाच धडे’ काढायला बसलेला माणूस रिकाम्या हाताने उठतो. ज्यांचा ख्रिस्ती धर्माशी सुतराम संबंध नाही अशा घरांतही ते पुस्तक शाईच्या डागांसकट जपलेले असते, याचे कारण तेच.

आता कोणी म्हणेल, हे फक्त ख्रिस्ती लोकांचेच का काढता? वारकरीही चालतात, नामदेवांची परंपरागत जन्मभूमी नरसी तर याच हिंगोली जिल्ह्यात. म्हणणे रास्त आहे, आणि माझे बोट कोणत्याही एका धर्माकडे नाही. पण वारीचा हिशेब वेगळा आहे. वारीत चालणे हाच कार्यक्रम असतो. पंढरपुरात पोचल्यावर ‘चालण्याने मला काय शिकवले’ यावर कोणी वारकरी भाषण देत नाही, तो कळस बघतो आणि चंद्रभागेकडे जातो. भाषण देतो तो सासवडपर्यंत चालून ओला-उबरने परत आलेला मॅनेजर, आणि त्याचे मुद्दे तपासले तर शिबिराच्या पाळकाचेच निघतात, फक्त पवित्र आत्म्याच्या जागी टीमवर्क. म्हणजे आजार सार्वत्रिक आहे. ख्रिस्ती मंडळ्यांना तो जास्त खुपायला हवा, कारण त्यांच्या पदरी वाव मोजणारा लूक, तुरा लिहिणारे स्टीफन्स आणि वाळूतला खड्डा सांगणाऱ्या रमाबाई आहेत. इतरांना सवलत देता येईल, त्यांना नाही.

शेवटची हरकत दयाळू आहे: पोरे त्या निमित्ताने मोबाइल ठेवतात, चार पावले चालतात, देवाचे नाव घेतात, यात वाईट काय? काहीच वाईट नाही. पोरांना जरूर न्या. फक्त माथ्यावर पोचल्यावर अर्धा तास कोणी बोलू नका, आणि रात्री शेकोटीपाशी बोलायला लावाल तेव्हा त्यांना काय शिकलात असे न विचारता काय दिसले एवढेच विचारा. आणि पाळकसाहेब, पुढचे शिबिर ठरवताना लोणावळ्याचे बुकिंग मिळाले नाही तर सेनगाव तालुक्यात या. हरभरा हिरवा असतो तेव्हा जागलीला माणसे लागतातच. बॅटरी, कानटोपी आणि गमबूट आपापले आणा. भाकरी-पिठल्याची सोय होईल. डुकरे साधारण दोनच्या पुढे येतात, तेव्हा लांबलचक प्रार्थना त्याआधी उरकून घ्या, आणि सॅक घरीच ठेवून या.